खुदबोद्दीन मिस्त्रीची पेटी

गंगाखेडहून पेटी आली ती ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्रॉलीत,
वर कडब्याच्या चार पेंढ्या.
सून फोनवर म्हणाली होती, भंगारात द्यायला जीव होत नाही,
तुम्ही डेंटिंगवाले, तुम्हीच न्या.
मी बाराशे दिले.

जिंतूर रोडला माझं शेड.
एकवीस वर्षं गाड्यांचे गाल सरळ करतोय,
अन् पेटी उघडली तर निम्म्या हत्यारांना
नावानं हाक मारता येईना.

अर्शद म्हणाला, ही टाच बघा.
खरंच, कुणाच्या तरी बुटाची टाच, लोखंडात ओतलेली.
ती डॉली, पत्र्याच्या पाठीमागं धरायची, एवढं कळलं.
दुसरी डॉली स्वल्पविरामासारखी.
एक चमचा हातभर लांब, ज्यानं कुणीच कधी जेवलं नसेल.
एका हातोड्याला सुतारपक्ष्याची चोच.
एकाचं तोंड टाकी लावलेल्या जात्यासारखं:
त्यानं फुगलेला पत्रा आक्रसतो, असं मला
हैदराबादच्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं होतं,
दाखवलं नव्हतं.

डॉलीच्या पोटावर अक्षरं, झिजलेली,
एक कोपरा, एक अर्धा गोल.
"जर्मनीची असंल," अर्शद म्हणाला,
आणि आम्ही दोघंही हसलो, कारण परभणीत
हा विनोद पुरा करावा लागत नाही.

चोचीच्या हातोड्याच्या दांड्यावर
अंगठ्यानं पाडलेला खळगा.
माझा अंगठा त्यात बसेना.
हात बदलला. बसला.
मिस्त्री डावखुरा होता तर.

उरली दोन.
एक सळई, दोन ठिकाणी वाकवलेली, टोक चपटं.
आणि एक फळी, तळहाताएवढी, दांडा असलेली,
एका कडेनं जळून काळी.
लाकूड! पत्र्याच्या कामात लाकूड काय करतंय?
कुंभाराचं थापटणं असंल म्हणालो, चुकून आलं असंल.

गुंडेराव कासार नातवाचा टेम्पो न्यायला आले होते.
बाकड्यावर बसल्या-बसल्या त्यांनी फळी उचलली,
नाकाला लावली.
"चरबी. चरबीत मुरलंय हे. शिसं चिकटू नये म्हून."
नखानं खरवडलं, कडेला करडी चमक निघाली.
"आधी नवसागर, मग कथलाचा हात,
आम्ही पातेल्याला देतो तस्साच.
मग शिशाची कांडी तापवायची, लोण्यावानी झाली की
ह्या फळीनं सारायची.
तुमची लांबी यायच्या आधी
खड्डे असे बुजवीत, बाबा."
चाळीस वर्षं कल्हई केलेला माणूस,
गाडी त्यांना चालवताही येत नाही.

मला एकदम ती जीप आठवली.
सेलूच्या एका जिनिंगवाल्याची. मडगार्ड घासायला घेतलं
तर रंगाखाली करडं, मऊ, चांदीसारखं काही लागलं.
कुणीतरी घाण करून ठेवलीय, म्हणालो,
ग्राइंडर फिरवत पार पत्र्यापर्यंत गेलो,
लांबी भरली, बिल लावलं.
दोन वर्षांत पोपडे आले.
आधीचं काम किती जुनं होतं कुणास ठाऊक,
मी हात लावीपर्यंत
त्याला केसाएवढी भेग नव्हती.

"धूर मात्र वाईट त्या शिशाचा," गुंडेराव म्हणाले.
मी काही बोललो नाही.
सुनेनं फोनवर हेही सांगितलं होतं, की शेवटी
अब्बांची मनगटं लोंबायची, आधी डावं,
चहाची बशी धरवत नव्हती,
डॉक्टरला काही कळलं नाही.

हत्यारं आता भिंतीवर आहेत.
खिळ्यांखाली ऑइल पेंटनं अर्शदच्या अक्षरात नावं:
टाच, चोच, जातं.
फळीखाली नुसतं, शिसं.
वाकड्या सळईचं नाव अजून कुणाला येत नाही.
येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो.
तोवर अर्शद तिनं रंगाच्या डब्यांची झाकणं काढतो,
आणि निघतातही ती चांगली.